बघ्या: 'बायस्टँडर'ला हा शब्द चालेल का?

नौपाडेकर:
आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी दर महिन्याला विज्ञानाचं भित्तिपत्रक लावतो. या वेळचा विषय 'बायस्टँडर इफेक्ट', म्हणजे आजूबाजूला इतर माणसं असली की एकेक जण मदतीला पुढे येण्याची शक्यता कमी होते, तो. मराठीत 'बघ्या परिणाम' लिहिलं आणि अडलो.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा धुराचा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले असताना खोलीत धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. तिघे-तिघे अनोळखी बसवले, तर ३८ टक्के गटांतूनच कुणीतरी उठलं. न उठलेल्यांना नंतर विचारलं. कुणाला ती वाफ वाटली होती, कुणाला एसीतून येणारं काहीतरी. बाकीचे शांत आहेत म्हणजे काळजीचं नसावं, असं प्रत्येकाने धरून चाललं होतं.

आपला 'बघ्या' असा नसतो. तो भांडण बघायला मुद्दाम थांबतो. 'बघ्याची भूमिका घेतली' म्हणजे दोषच दिला की! गोंधळलेल्या माणसाला हा शब्द लावणं मला अन्यायाचं वाटतं.

वाघबीळ:
काका, हा दोष '-या' प्रत्ययाचा का? रड्या, कळलाव्या, बघ्या...

नौपाडेकर:
नाही, बाळा. लाकूडतोड्या, वाटाड्या यांत कुठे हिणवणं आहे? दोष वापरातून चिकटला.

कळव्याची ताई:
'तटस्थ' बघा ना. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. तलावपाळीला कठड्याशी उभं राहून पाण्याकडे बघणारा माणूस अक्षरशः तटस्थ. पण आज त्याचा अर्थ 'बाजू न घेणारा' झालाय. तुमच्या प्रयोगातल्यांनी काही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे तोही बसत नाही. मी साधं 'उपस्थित' लिहीन.

आणि जबाबदारी सगळ्यांत पांगते, त्याला आपल्याकडे म्हण तयार आहे: भागीचे घोडे किवणाने मेले. मालक अनेक, म्हणून जखमेकडे कुणीच बघितलं नाही. ती पत्रकावर मोठ्या अक्षरांत घ्याच.

वाघबीळ:
२०१९ चा अभ्यासही घ्या. ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरची २१९ भांडणं सीसीटीव्हीत तपासली. दहापैकी नऊ वेळा निदान एक जण तरी मध्ये पडला होता. माणसं जास्त, तर कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त.

नौपाडेकर:
घेतो. मग तर 'बघ्या' बादच. मागच्या पावसाळ्यात गोखले रोडवर एक आजोबा घसरले. आम्ही सात-आठ जण नुसते उभे, मीही त्यांतच. एक मुलगी म्हणाली, "निळ्या शर्टवाले काका, तुम्ही डोकं धरा. दादा, तुम्ही रिक्षा थांबवा." निळा शर्ट माझा होता. त्या क्षणी हात आपोआप पुढे गेले.

शीर्षक 'उपस्थितांचा परिणाम' करतोय. म्हण वर, मोठ्या अक्षरांत. ताई, 'किवण' म्हणजे काय हे मुलं विचारतील, तेवढं खाली एका ओळीत देतो.