गाडीचं दार उचलून लावावं लागतंय, घरी दुरुस्त होईल काय?

मंडळी, नमस्कार. खानापूर तालुक्यातनं लिहायलोय, जांबोटी रोडला गाव आहे आमचं. गाडी 2007 ची छोटी हॅचबॅक, केए-22, सेकंड हँड घेतलेली. पुढचं डावं दार महिनाभरापासून बसलंय. उघडलं की मागची कड बोटभर खाली येते. लावताना एका हातानं खालनं उचलायचं आणि मग ढकलायचं, नाहीतर कुलूप दारामागच्या खांबावरच्या कडीला आपटून परत येतं. लागल्यावर लांबून बघितलं तर पुढच्या दाराची रेघ मागच्या दारापेक्षा खाली. वरच्या मागच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि खाली पत्रा घासून उंबऱ्याचा रंग गेलाय.

आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे तुम्हाला. कणकुंबीकडनं ढग आले की चार-चार दिवस हलत नाहीत. त्या फटीतनं सीटवर ठिबकतंय, गोणपाट टाकून आप्पांना बसवायलोय.

बेळगावात एका गॅरेजला दाखवलं. त्यानं दहा मिनिटांत खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे तीच कडी, खाली सरकवला, दीडशे घेतले. आठ दिवस दार झकास लागलं. मग परत तेच, वर खड्ड्यात खडखड चालू. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणतो, भंगारातलं आख्खं दार आणा, बसवून देतो. रंग जुळला नाही तर एक दार लाल, बाकी गाडी पांढरी घेऊन हिंडू काय?

पाना सेट आहे, जॅक आहे, पंपाची कामं माझी मीच करतो. एका व्हिडिओत बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवून दार दाबून सरळ केलेलं बघितलं. तसं करू काय? आणि बोल्ट सैल केले तर दार अंगावर येईल काय, ही खरी भीती.

निपाणीकर:
लाकूड अजिबात घालू नका. त्यानं बिजागरी वाकते, दार वर आल्यासारखं दिसतं, पण बुडाशी रंग तडकतो. तुमच्या पावसात तिथं दोन वर्षांत गंज धरेल.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला खालनं दोन्ही हात लावून वर-खाली हलवा. दुसऱ्या कुणाला तरी बिजागऱ्यांवर नजर ठेवायला सांगा, आणि वरच्या बिजागरीवर बोट ठेवायला सांगा, कारण डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. पिन बिजागरीतल्या भोकात हलत असेल तर पिन आणि बुश (पिनभोवतीची बारकी नळी) झिजलेत. आख्खी बिजागरी पुढच्या खांबावर हलत असेल तर बोल्ट सैल, नाहीतर खांबाचा पत्रा चिरलाय. पत्रा चिरला असेल तर वेल्डिंगवाल्याकडंच जायचं, घरी काही होत नाही. काहीच हलत नसेल आणि तरी दार खाली असेल तर बिजागरी वाकलीय किंवा मुळात सरकलीय.

बहुतेक वेळा वरचीच जाते. दाराचं सगळं वजन तिला बाहेर ओढत असतं, खालची नुसती दाबून बसलेली असते.

आणि स्ट्रायकर सगळ्यात शेवटी. तुमच्या मेस्त्रीनं दार दुरुस्त केलं नाही, खाली आलेल्या दाराला कडी खाली नेऊन दिली.

खानापूरचा (प्रश्नकर्ता):
बघितलं. वरच्या बिजागरीत पिन हलतेय, चांगलीच. खालची टाइट. खांबावर काही हालचाल नाही.

उद्यमबागकर:
मग बोल्टला हातच लावू नका दादा. पिन झिजलेली असताना बोल्ट सरकवून दार वर घेतलं तर महिन्यात परत खाली येणार.

वरचीच पिन काढायची, खालची तशीच राहू दे. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर जुनी चादर. वजन जॅकवर आलं की मग पिनला हात. पिनचं डोकं फुलवलेलं असेल तर ग्राइंडरनं घासून खालनं पंचानं ठोका. दार आणि खांब यांच्यामधली वायर आणि दार थांबवणारी पट्टी ताणली जाणार नाही एवढं सांभाळा. पिन आणि बिजागरीचा सुटा होणारा भाग घेऊन बेळगावला उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, कुठल्याही लेथवर या. भोक अंडाकृती झालेलं असणार, ते गोल करून गनमेटलचा बुश दाबून बसवतात. पिन नवीन टर्न करून घ्या. फाउंड्री आणि लेथच्या गावात राहून आख्खं दार बदलायला कोण सांगतंय हो?

नंदगडची लेक:
मध्येच बोलतेय, पण त्या दारानं रोज कोण उतरतं?

खानापूरचा:
आप्पा. गुडघे दुखतात त्यांचे. का?

नंदगडची लेक:
उतरताना दाराला धरून उठत असतील. आमच्या सासूबाईंनी असंच दार खाली आणलं होतं. नवी पिन घाला, पण त्यांना धरायला दुसरं काहीतरी द्या.

खानापूरचा:
ताई, बरोबर पकडलंत. काल मुद्दाम बघत उभा राहिलो. दोन्ही हात दाराच्या वरच्या कडेला, आणि सगळं वजन टाकून "हुश्श" करून उठतात. साठ किलोचा माणूस, रोज दोन वेळा.

आता कामाचं सांगतो. रविवारी पाऊस उघडला तसं केलं. शेजारचे काका जॅकपाशी बसले. ते कन्नड बोलणारे, मी मराठी. मी म्हणायचो "अजून वर", ते "स्वल्प मेले, स्वल्प मेले" (थोडं वर) करत फिरवायचे, आणि दार जागेवर आलं तेव्हा दोघंही एकदमच "साकु" (पुरे) म्हणालो. पिनला रात्रभर डिझेल-ऑइल मारून ठेवलं होतं, तरी अर्धा तास दाद दिली नाही. निघाल्यावर बघतो तर मधे कमरेला बारीक झालेली. व्हर्निअरनं टोकाला 8 मिलिमीटर, मधे 7.3. भोकाची तर वाटच लागलेली.

सोमवारी लेथवर गेलो. दोन बुश आणि पिन, साडेतीनशे रुपये. ग्रीस भरून संध्याकाळी बसवलं. मग स्ट्रायकरभोवती मार्करनं रेघ मारून तो सैल केला. हळूच दार लावलं, कुलपानंच त्याला ओढून जागेवर आणलं, मग आवळला. आधीच्या जागेपेक्षा चार-पाच मिलिमीटर वर गेला, म्हणजे त्या गॅरेजवाल्यानं खाली नेला होता तेवढाच. आता एका बोटानं लागतं. दोन्ही दारांच्या रेघा जुळल्या.

आप्पांसाठी सीटवर जाड उशी घातली, आणि छताच्या हँडलला जनावराच्या दाव्यासारखा सुती पट्टा बांधला. पहिल्या दिवशी म्हणाले, "मला काय बैल समजलास?" दुसऱ्या दिवशी धरून उठले.

एकच राहिलंय. वरच्या कोपऱ्यातनं अजून थोडी शिट्टी वाजतेय वाऱ्याची. दहाची नोट दारात धरून लावली, खाली घट्ट बसतेय, वर सरकन निघून येतेय. रबर नवीन घालू काय?

निपाणीकर:
थांबा. रबर महिनाभर तिरक्या दाराखाली दबलंय, त्या आकाराला बसलंय. सिलिकॉन ग्रीस लावा, पंधरा दिवस गाडी उन्हात उभी करा, मग परत नोट धरून बघा. तेव्हाही निघाली तर बदला.

खानापूरचा:
ऊन म्हणता? जुलैत, जांबोटी रोडला?

निपाणीकर:
हां, ते विसरलोच. मग निपाणीला घेऊन या गाडी.