अँड्र्यू वायथ यांच्या जलरंगचित्राची छापील प्रत कशी पारखावी?

प्रश्न : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील चॅड्स फोर्ड परिसरातील कोठार आणि हिवाळी कुरण दाखवणाऱ्या, अमेरिकी चित्रकार अँड्र्यू वायथ यांच्या एका जलरंगचित्राची जुनी छापील प्रत मी विकत घेण्याच्या विचारात आहे. ती ऑफसेट छपाईची आहे की कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून होणारी जुनी छपाईपद्धत), हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १ : दहापट भिंगातून आकाशाचा फिकट भाग पाहावा. ऑफसेटमध्ये रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत दिसतात, तर कोलोटाइपमध्ये जिलेटिनच्या थरामुळे बारीक, अनियमित पोत दिसतो आणि त्यामुळे जलरंगाच्या फिकट छटा अधिक सलग उतरतात. खाली पेन्सिलीची सही असली, तरी केवळ तिच्यावर विसंबून जास्त पैसे मोजू नयेत.

प्रतिसाद २ : १९३७ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत वायथ यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांची सर्व जलरंगचित्रे विकली गेली. ती मोकळ्या हाताने, ओल्या कुंचल्याने काढलेली होती. पुढे मात्र ते जवळजवळ कोरड्या कुंचल्याने गवताचे पातेन्‌पाते वेगळे काढू लागले, आणि स्वस्त छपाईत नेमकी हीच पाती एकमेकांत मिसळतात.

प्रतिसाद ३ : चौकटीसाठी आम्लरहित पुठ्ठा वापरावा आणि थेट ऊन टाळावे.