मदत हवी आहे: १९५६ आधीच्या प्राथमिक शिक्षिकेची नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. माझी आजी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका होती. १९५३ साली लागली, १९९३ ला निवृत्त झाली. मार्गशीर्षात तिचं वर्षश्राद्ध आहे, त्याआधी घरच्यांसाठी आणि तिच्या विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तिका करतोय.

अडचण पहिल्या तीन वर्षांची आहे. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. पेन्शनच्या कागदात त्यानंतरच्याच नेमणुका आहेत, त्याही कन्नडमध्ये. ते शेजारच्या काकांनी वाचून दिलं. पहिली शाळा जंगलातल्या वाडीत होती, पावसाळ्यात ओढा भरला की बाई शाळेतच मुक्काम करायच्या, एवढंच घरात ऐकलंय. वाडीचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात दोनदा जाऊन आलो, जुनं दप्तर सापडत नाही म्हणाले. माहिती अधिकाराचा अर्ज अजून केलेला नाही, कारण नेमका कुणाकडे करायचा तेच कळेना. सेवापुस्तक घरी नाही. तिची एक वही आहे, पण मोडी लिपीत; मला वाचता येत नाही. मी पुण्यात असतो, एरवी गावी फक्त रविवारी येणं जमतं, म्हणजे सरकारी कार्यालयं बंदच.

१९५६ आधीच्या नेमणुकांचं दप्तर बेळगावातच राहिलं, की धारवाडच्या पुराभिलेखागारात किंवा मुंबईला गेलं? आणि बेळगाव-खानापूर भागात मोडी वाचून देणारं कुणी माहीत आहे का?