पाच जणांसाठी शूटर (गोळीबाराचा गेम) सुचवा, ज्याचा दुसरा भाग येऊन पहिला गिळणार नाही असा

रविवारचा_सैनिक

मंडळी, नमस्कार. आम्ही पाच जण. होस्टेलवर काउंटर-स्ट्राइक १.६ मुळे दोस्ती जमली, पुढे त्याच मालिकेतल्या ग्लोबल ऑफेन्सिव्हवर मुरलो. आता एक नाशकात (मी), दोन पुण्यात, एक सांगलीत, एक जर्मनीत. रविवारी रात्री पोरं झोपली की साडेनऊ ते अकरा खेळतो. आठवड्यातला हाच काय तो आमचा वेळ.

सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तो थेट ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागेवरच. आमची यंत्रं म्हातारी. सांगलीवाल्याकडे ४ जीबी रॅम, जर्मनीवाल्याकडे मॅक. पाचाचे तीन झालो. मग दीड वर्ष नुसता कॉल लावून गप्पा मारल्या, त्यातही शेवटी गृहकर्जाचे हप्तेच निघायचे.

तर सल्ला हवाय: कोणता गेम धरू? आणि आमच्यात रोज वाद होतो म्हणून विचारतो, चालत्या मल्टिप्लेअर गेमचा दुसरा भाग यावाच का? गोष्टीच्या गेमचा येऊ दे की, जुना कपाटात राहतो. इथे नवीन आला की जुन्याचा सर्व्हरच जातो.

कोपऱ्यातला_कॅम्पर

वॅलरंट. मुंबईत सर्व्हर आहे, साध्या पीसीवर चालतो. विषय संपला.

लॅगवती

कॅम्परना अर्धं अनुमोदन. वॅलरंट जून २०२० मध्ये आला, पाच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, त्याचं इंजिन (गेमचा तांत्रिक पाया) अनरियल ४ वरून ५ वर नेलं. नाव तेच, खातं तेच, विकत घेतलेल्या स्किन (बंदुकांचं रंगरूप) तशाच. एक मोठं डाउनलोड सोडलं तर बऱ्याच जणांना कळलंही नसेल. रेनबो सिक्स सीजचंही तसंच. २०१५ चा गेम, त्याला जून २०२५ मध्ये ‘सीज एक्स’ म्हणून नवा साज चढवला आणि फुकटात दार उघडलं. दुसरा भाग काढला असता तर दहा वर्षांत जमवलेले ऑपरेटर (खेळायची पात्रं) आणि नकाशे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते.

माझं मत विचाराल तर घर पाडायची गरज नाही, वायरिंग बदला.

पण वॅलरंट मॅकवर चालत नाही हो, कॅम्पर. जर्मनीवाल्याचं काय करायचं?

हनामुरा_ते_हडपसर

धाग्यात ओव्हरवॉचचं नाव नाही म्हणजे काय! दुसरा भाग का काढू नये याचं अख्खं पाठ्यपुस्तक आहे ते.

पहिला मे २०१६ मध्ये आला, विकतचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्याची घोषणा झाली, तेव्हा कारण सांगितलं होतं की यात गोष्ट असेल, कॉम्प्युटरविरुद्ध मिळून खेळायच्या मोहिमा असतील, नायकांची कौशल्यं वाढवत नेता येतील. लोकांना पटलं, एवढं सगळं असेल तर वेगळा गेम हवाच. मग पहिल्याकडे येणारा नवा माल आटला. २०२० च्या एप्रिलमध्ये एको आली, त्यानंतर दुसरा भाग येईपर्यंत पहिल्यात एकही नवा नायक नाही. अडीच वर्षं! ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा आला, फुकट, आणि पहिल्याचे सर्व्हर कायमचे बंद. सहाचा संघ पाचाचा केला, म्हणजे जगभरच्या सहा जणांच्या टोळक्यांतला एकेक जण बाकावर. आणि मे २०२३ मध्ये जाहीर झालं की ज्या मोठ्या मोहिमेसाठी हा सगळा घाट घातला होता, ती रद्द.

त्याच ऑगस्टमध्ये गेम स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आला तेव्हा लोकांनी रिव्ह्यूत काय लिहिलं असेल ते सांगायला नकोच. डिसेंबर २०२४ पासून पुन्हा सहा-सहाच्या चाचण्या घ्यायला लागले. म्हणजे द्राविडी प्राणायाम करून हात परत नाकालाच.

अवांतर: त्या ‘२’ आकड्याचा सगळ्यात मोठा तोटा असा की खेळणाऱ्याच्या मनातला हिशेब बदलतो. तोवर ‘गेममध्ये या वर्षी काय आलं’ एवढंच बघत होतो, आकडा लागला की ‘नवीन काय दिलं’ विचारायला लागतो.

धुरातला_धोंडू

सगळे एकाच बाजूने गळे काढताय म्हणून लिहितो.

ग्लोबल ऑफेन्सिव्ह ऑगस्ट २०१२ चा. अकरा वर्षं त्याच पायावर मजले चढवले. स्मोक ग्रेनेडचा धूर आठवा जरा. प्रत्येकाच्या पडद्यावर तो थोडा वेगळा दिसायचा, एकाला फट दिसे, दुसऱ्याला भिंत. दुसऱ्या भागात स्मोक सगळ्यांना सारखा, दार-खिडकीत खरा पसरतो, गोळी किंवा ग्रेनेडने क्षणभर भोक पडतं. जुन्या इंजिनात हे जमलं नसतं. आणि सगळ्यांच्या बंदुकांच्या स्किन जशाच्या तशा पुढे आल्या. उलट कॉल ऑफ ड्यूटीचा वॉरझोन बघा: नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘२.०’ आला, जुन्यातला विकत घेतलेला माल त्यात नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये जुना कायमचा बंद केला, आणि तोवर नव्याच्या नावातलं ‘२.०’ सुद्धा काढून टाकलं होतं!

वायरिंग वगैरे ठीक आहे लॅगवतीताई, पण पायाच खचला तर? कधीकधी पाडावंच लागतं. मला दुसरा भाग चालतो. तीन अटी: माल पुढे न्यावा, जुना एका कोपऱ्यात चालू ठेवावा आणि जुन्या यंत्रांना मुदत द्यावी. वाल्व्हने (काउंटर-स्ट्राइकची कंपनी) पहिली पाळली, दुसरी अर्धी, तिसरीत नापास. मॅक, ३२-बिट यंत्रं आणि डायरेक्टएक्स ९ वरची जुनी ग्राफिक्स कार्डं एका फटक्यात बाद केली. म्हणे हे सगळे मिळून सक्रिय खेळाडूंच्या एक टक्क्याहून कमी. सैनिकराव, तुमच्या पाचांतले दोन जण त्या एक टक्क्यात निघाले, कपाळ.

जागेचंही बघून घ्या. जुन्याला १५ जीबी पुरायचे, नव्याला ८५ जीबी मोकळे ठेवा म्हणतात. रॅम किमान ८.

रविवारचा_सैनिक

@धोंडू, सांगलीवाल्याला हे वाचून दाखवलं. म्हणाला, ‘८५ जीबीत माझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे, तो उडवू का?’

‘दुसरी अट अर्धी’ म्हणजे काय?

धुरातला_धोंडू

स्टीमच्या लायब्ररीत काउंटर-स्ट्राइक २ वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, तिथे ‘सीएसजीओ लेगसी’ निवडायचं. जुना गेम उतरतो. पण अधिकृत मॅचमेकिंग (आपोआप प्रतिस्पर्धी जुळवून देणं) नाही, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याचा सपोर्ट थांबवलाय. बॉटशी (कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूंशी) खेळा, नाहीतर स्वतःचा सर्व्हर उभा करा. पाच मित्रांना खरं तर तेवढं पुरतं. दोन विरुद्ध तीन, उरलेले बॉट.

झोन_बाहेर_बबन

तुम्ही सगळे पीसीवाले आहात म्हणून कुणी बोललं नाही. मोबाइलवर या! पाचही जणांकडे फोन आहेच की.

आमच्याकडे दुसऱ्या भागाची भीती नव्हतीच, बंदीची होती. सप्टेंबर २०२० मध्ये ११८ ॲप्सवर बंदी आली त्यात पबजी मोबाइल गेला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये परत. त्या मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यांचाच न्यू स्टेट आला होता. २०५१ सालची दुनिया, झकपक ग्राफिक्स, ड्रोन. जवळजवळ दुसरा भागच, आणि जुन्याला हातही लावला नव्हता. आमच्या गल्लीत नव्याचे नऊ दिवस झाले आणि सगळे परत पबजीच्या जुन्या एरँगल नकाशावर! दोन्ही दुकानं उघडी ठेवली की गिऱ्हाईक काय ते ठरवतं. मला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते.

लॅगवती

बबनभाऊ, बीजीएमआय फक्त भारतासाठी आहे. जर्मनीत तो अधिकृतपणे मिळत नाही, तिथे पबजी मोबाइल, त्याचे सर्व्हर वेगळे. म्हणजे जर्मनीवाला इथेही नडला.

रविवारचा_सैनिक

तो होस्टेलवरही नडायचा. मेसमध्ये पाचव्या ताटासाठी आम्ही चौघं थांबायचो.

कोपऱ्यातला_कॅम्पर

मग १.६ च खेळा ना राव. २००३ चा गेम स्टीमवर अजून विकतात. २००४ मध्ये काउंटर-स्ट्राइक: सोर्स आला तेव्हा १.६ बंद केला नव्हता, दोन्ही आपापल्या लोकांसकट चालले. सांगलीच्या पीसीवर पळेल, लग्नाचा व्हिडिओपण वाचेल.

धुरातला_धोंडू

कॅम्पर पहिल्यांदा कोपऱ्यातून बाहेर येऊन कामाचं बोललाय. फक्त मॅकवर १.६ चालणार नाही. तो ३२-बिट आहे आणि ॲपलने २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसपासून ३२-बिट बंद केलंय.

जर्मनीवाल्याला जीफोर्स नाऊ सांगा. गेम त्यांच्या यंत्रावर चालतो, चित्र याच्या मॅकवर. काउंटर-स्ट्राइक २ त्यावर आहे. फुकटच्या योजनेत तासाभराने बाहेर काढतात, पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. साडेनऊ ते अकरात एकदाच तुटेल, तेवढ्यात तुम्ही पाणी प्या. मुंबईच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) मात्र शंभरच्या वर धरून चाला.

आणि सांगलीला रॅमची एक पट्टी घालून बघा. जुनी मिळते. सगळं सेटिंग तळाला नेलं तर निदान उभा राहील.

हनामुरा_ते_हडपसर

आणि स्किनवर पैसे घालू नका बाबांनो. एका गेमवर, नाव घेत नाही, दोन हजार घातले होते मी. आज तो उघडतही नाही.

रविवारचा_सैनिक

सगळ्यांचे आभार. सद्यस्थिती: रॅम मागवली आहे. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर गेला, वहिनींच्या देखरेखीखाली. ती पट्टी येईपर्यंत काल चौघं १.६ वर बसलो, डस्ट २ नकाशा, दोन विरुद्ध दोन. सोळा वर्षांनी त्यातल्या ‘लाँग’ वाटेच्या दारातून आत शिरलो आणि बोटांना सगळं आठवत होतं, डोळ्यांनाच दिसत नव्हतं.

जर्मनीवाला कॉलवर होता. त्याच्याकडे संध्याकाळ, भाजी चिरत चिरत आम्हाला शिव्या घालत होता. बॉम्ब कुठे लावायचा ते अजूनही तोच ठरवतो.