मदत हवी आहे: पॉट्सडॅमच्या माळ्याच्या घराचे मागच्या बाजूचे फोटो?

कॉलेजसाठी जर्मनीत पॉट्सडॅमच्या सांसूसी पार्कमधल्या राजमाळ्याच्या घराचं १:५० मॉडेल करतेय. शार्लोटेनहोफ इस्टेटवरचं, आर्किटेक्ट शिंकेलच्या कल्पनेवरून आर्किटेक्ट पर्सियसने १८२९-३० मध्ये उभं केलेलं, इटलीच्या खेड्यातल्या घराच्या धर्तीवर. नंतर शेजारी टी पॅव्हेलियन, आर्केड (कमानींची ओवरी), बाथ (स्नानगृह) वगैरे होत गेलं आणि सगळ्याचं मिळून नाव पडलं रोमन बाथ्स, त्यामुळे सर्च केलं की बाथचेच फोटो येतात, माळी बिचारा गायब.

अडलंय छपरावर. घर मुद्दाम असिमेट्रिकल केलंय, चौकोनी टॉवर एका बाजूला, कमी उताराची छपरं वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे पुढची बाजू बघून मागची काढताच येत नाही. टॉवरच्या भिंतीला खालचं छप्पर नेमकं कसं भिडतं आणि तिथलं पाणी कुठे जातं हेच कळत नाहीये.

शिंकेलचे छापील प्लॅन आणि पर्स्पेक्टिव्ह पाहिले, विकिमीडियावरचे फोटो पाहिले (बहुतेक सगळे तळ्याच्या बाजूने), गुगल अर्थवर झाडांमुळे नुसता हिरवा गोळा दिसतो. मोजमापं असलेली ड्रॉइंग मिळाली तर उत्तमच, पण मोबाइलवरचे साधे फोटोही चालतील, दुरुस्तीच्या आधीचे असले तरी. एआयने बनवलेल्या इमेज प्लीज नकोत. जर्मन येत नाही, पण लिंक दिलीत तर ट्रान्सलेट करून वाचेन.

बर्लिन-पॉट्सडॅमकडे राहणाऱ्या किंवा तिकडे फिरून आलेल्या कुणाकडे टॉवरच्या मागच्या बाजूचा, छपराचा सांधा दिसेल असा एखादा फोटो आहे का?