पीटी२३९९ चा इको बोर्ड: डिले वाढवला की खरखर, शिवाय हमिंग

पांझराकाठ (धुळे):
नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसते. बायका रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात, माइक एकच. त्याच्यासाठी पीटी२३९९ (आवाज थोडा उशिरा परत देणारा डिलेचा आयसी) वर इको बोर्ड बनवलाय. १२-० ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर). इको येतो, पण डिलेचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) पुढे नेला की वाळू सांडल्यासारखी खरखर. हमिंग तर कायमच. कधी कधी चालू केल्यावर इको येतच नाही. पॉट ५०के, पिन ६ पासून थेट ग्राउंडला. आयसी बदलू का?

ऑर्केस्ट्रावाला (भुसावळ):
आयसी डुप्लिकेट असेल भाऊ. बदलून बघ.

तापीकाठ (चोपडा):
भाऊ, आयसीला हात लावू नका. तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

पॉट शून्यावर असताना पॉवर दिली की पिन ६ सरळ ग्राउंडला जातो आणि आयसी अडकून बसतो. पॉटच्या सिरीजला २.२के चा रेझिस्टर टाका.

खरखर ही या आयसीची जातच आहे. आत मेमरी फक्त ४४ किलोबिट, म्हणून डिले वाढवायला क्लॉक (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) हळू करावा लागतो. डेटाशीटप्रमाणे २७.६के ला ३४२ मिलिसेकंद, क्लॉक २ मेगाहर्ट्झ. तुम्ही ५०के पर्यंत गेलात, आवाज फाटणारच. २०के चा पॉट लावा.

आणि मुळात एवढा लांब इको कशाला? एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. मागची ओळ घुमत राहिली तर शब्दच कळणार नाहीत, आणि लोक रात्रभर बसतात ते शब्दांसाठी. दीडशे मिलिसेकंद, एक-दोन रिपीट. मी याच्या पुढे कधी जात नाही.

हमिंगसाठी आधी ट्रान्सफॉर्मर काढून ७८०५ ला ९ व्होल्टची बॅटरी जोडा. हमिंग गेलं तर दोष सप्लाय किंवा ग्राउंडचा. पिन ३ आणि ४ चे ग्राउंड वेगवेगळे आणून एकाच जागी जोडा. पिन १ ला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पांझराकाठ:
बॅटरीवर हमिंग गेलं दादा! माइकच्या वायरची शील्ड (वरची जाळी) ब्रिजजवळ जोडलेली होती, ती पिन ३ कडे आणतो. घरात १०के चा पॉट आहे, चालेल?

तापीकाठ:
चालेल. २.२के धरून १७० मिलिसेकंदांच्या आसपास मिळतील. कानबाईला पुष्कळ झाले.