तरुण वयातील कर्करोगाचे स्वरूप वेगळे असते का?

तापीकाठ, चोपडा: आमच्या नात्यातील सतरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग निघाला. घरात कोणालाही हा आजार नव्हता आणि मुलाला कसले व्यसनही नाही. या वयात कोणते कर्करोग होतात?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव: १५ ते ३९ हा वयोगट वैद्यकशास्त्रात स्वतंत्र मानतात, पण त्याच्या आतही चित्र बदलत जाते. विशीच्या आत रक्ताचा, लसिकाग्रंथींचा, मेंदूचा आणि हाडांचा कर्करोग ठळकपणे दिसतो. त्यातही ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, बहुधा गुडघ्याजवळच्या हाडात उद्भवतो, म्हणून दुखणे खेळातली दुखापत समजून अंगावर काढले जाते. पंचविशीनंतर थायरॉइड, स्तन, गर्भाशयमुख आणि पुरुषांमध्ये वृषण यांचे प्रमाण वाढते. बहुतेक तरुण रुग्णांत आनुवंशिक दोष सापडत नाही, त्यामुळे घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

धुळेकर: सर, तोंडाचा कर्करोग राहिला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी आपल्याकडे शाळकरी मुलांच्या खिशातही पुड्या सापडतात, आणि तिशीतच तोंड उघडेनासे झालेली माणसे दिसतात. हा भाग टाळता येण्याजोगा आहे, हाडाच्या कर्करोगाचे तसे नाही.

परिचारिका, नंदुरबार: तापीकाठ दादा, केमोथेरपीने पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. उपचार सुरू होण्यापूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. मुलगा संकोचाने स्वतः विचारणार नाही.